‘मला लस पाहिजे!’ : बालवाडीत जाणाऱ्या मुलाचं बोलणं अडतं तेव्हा

मे महिन्यात आमच्याकडे आमरसाचं जेवण होतं. नातू, वय वर्षं चार, पाटावर मांडी घालून बसला आणि वाटी पुढे करून म्हणाला, "मला लस पाहिजे." वाढला. "अजून लस." पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा "लस संपली का?" असं आलं तेव्हा सगळे हसले, फक्त त्याचा बाप हसला नाही. "आई, जूनमध्ये छोट्या गटात जायचाय हा. पोरं चिडवतील. काहीतरी करायला हवं." मी म्हटलं, "चार वर्षांच्या पोराला र आला नाही म्हणून आभाळ कोसळत नाही. तू जेव."

आणि त्याच आठवड्यात आमच्याच सोसायटीतल्या एका आईला मी जिन्यात थांबवून सांगितलं, की हिला अजिबात वेळ न घालवता दाखवून घे. तिची मुलगीही चारचीच. ती कावळ्याला ‘आवळा’ म्हणायची, गायीला ‘आय’ आणि कपाला ‘अप’.

लोकांच्या लेखी दोघंही बोबडीच. एकाला नुसतं वाढू द्यायचं आणि दुसरीला आजच उचलून न्यायचं, हे कशावरून ठरवायचं, ते सांगायला बसले आहे. मी स्पीच थेरपिस्ट नव्हे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एका बालवाडीत चोवीस वर्षं ताई होते. जे कळलं ते मुलांबरोबर थेरपिस्टकडे जाऊन, त्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसून कळलं. काही माझ्या चुकांतून कळलं, त्यातली एक पुढे येईलच.

आठ दिवस काहीही सुधारू नका

पहिलं काम हे, आणि सगळ्यात अवघड. एक जुनी डायरी स्वयंपाकघरात ठेवा. मूल काय म्हणालं, त्याला काय म्हणायचं होतं आणि ते कुणाला कळलं, एवढंच लिहायचं. माझ्याकडच्या एका आईच्या वहीतली ओळ अजून लक्षात आहे: "सोमवार. ‘ताती हलवली.’ म्हणजे कात्री हरवली. मला कळलं. आजोबा म्हणाले, काय हलवलं? तो रडला." एवढ्या दीड ओळीत थेरपिस्टला काय काय मिळालं बघा. क चा त होतो, र चा ल होतो, जोडाक्षर सुटतं, आणि समजलं नाही की मूल चिडत नाही, रडतं.

आईचा कान या कामात कुचकामी असतो. तिला सगळं कळतं, तिने ती भाषा शिकून घेतलेली असते. म्हणून मी भाजीवाल्या मावशींची परीक्षा घ्यायला सांगते. मुलाला म्हणावं, तूच मावशींना सांग काय हवंय ते. आणि आपण तोंड मिटून उभं राहावं. ढोबळमानाने दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळतं, तिसऱ्या वर्षी तीन चतुर्थांश, आणि चौथं पुरं होताना जवळजवळ सगळं. म्हणजे अक्षरं चुकत असली तरी मतलब पोचतो. चार वर्षांचं मूल ‘दोन लुपयांची तोथिंबील’ म्हणालं आणि मावशींनी जुडी उचलली, तर घाबरू नका. मावशी तीनदा "काय रे बाळा?" म्हणून शेवटी तुमच्या तोंडाकडे बघू लागल्या, तर वही घेऊन पुढच्या पायरीकडे चला.

आता अक्षरं. प, ब, म, त, द, न ही मंडळी लवकर हजर होतात. क आणि ग साडेतीन-चारपर्यंत बहुतेकांना येतात. स, श, च, ज त्यानंतर रेंगाळत. मराठीत तर ‘चार’चा च वेगळा आणि ‘चोर’चा वेगळा, लहान जिभेला ते दोन्ही जमवायचे असतात. र, ळ आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, कुणाला पाचव्या वर्षी, कुणाला सहा उलटल्यावर. ष बद्दल पालक विचारतात तेव्हा मला गंमत वाटते. तुम्ही स्वतः ‘षटकोन’ आणि ‘शहर’ वेगळं म्हणता का हो?

क ला सगळीकडे त म्हणणारं मूल चुकत नसतं, नियम पाळत असतं, फक्त तो नियम त्याने स्वतः बनवलेला असतो. असे नियम बहुधा आपोआप गळून पडतात. चारनंतरही टिकला तर मदत घ्यायची. पण काही खुणा दिसल्या तर वय मोजत बसू नये. शब्दाचं पहिलं अक्षरच गायब होणं, ती ‘आवळा’वाली मुलगी आठवा. तोच शब्द दर वेळी वेगळा येणं. स्वर बदलणं. उलट्या दिशेचा बदल, म्हणजे ताटाला ‘काट’. सगळं नाकातून येणं, त्यात टाळूची तपासणी हवीच. तीन वर्षांचं होऊनही दोन-तीन शब्द जोडून न बोलणं, बोट दाखवून काही न मागणं, हाक मारली तरी नजर न देणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत असलेले शब्द जाणं. हे कोणत्याही वयात झालं तर ‘थोडं थांबून बघू’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला, मग तो घरातला वडीलधारा का असेना, नमस्कार करून डॉक्टर गाठा.

चूक मुलाची की आपल्या कानाची?

हे पुण्यात मुद्दाम लिहायला हवं. माझ्या वर्गात अकोल्याकडून आलेली एक चिमुरडी होती. "ताई, मी शायेत आली. माझ्या डोयात कचरा गेला." माझी एक सहकारी लगेच म्हणाली, हिला ळ येत नाही, आईला बोलवा. आई आली आणि म्हणाली, "काय झालं ताई, शायेत काही केलं का तिनं?" प्रश्न मिटला. वऱ्हाडात तसंच बोलतात, आणि ती मुलगी तिच्या घरची भाषा अगदी बिनचूक बोलत होती.

तेच ‘पानी’चं. दत्तवाडीतून, जनता वसाहतीतून, मुळशी-मावळातून येणारी कितीतरी मुलं पानी, लोनी, आनि म्हणतात. त्याला दोष म्हणणारे आपण कोण? कसोटी सोपी आहे. घरातलं मोठं माणूस तसंच बोलतं का? बोलत असेल तर ती बोली. घरात कुणीच तसं बोलत नाही आणि एकटं मूलच बोलतं, तर ती अडचण. शाळेची भाषा मूल शाळेत उचलतं, त्यासाठी आईच्या बोलण्याला नाक मुरडायची गरज नाही.

जीभ नंतर, कान आधी

आता माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा होता, मोठ्या गटात. बोलणं अर्धवट, शब्दांची शेपटं तुटलेली. पाऊस ‘पाऊ’, केस ‘के’. गोष्ट सांगताना उठून खिडकीशी जायचा. मी त्याच्या प्रगतिपत्रकात लिहिलं, "हुशार आहे, पण हट्टी. लक्ष देत नाही." पावसाळ्यात त्याचा हट्टीपणा वाढायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये कमी व्हायचा, हे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसलं नाही.

एकदा शाडूच्या मातीचा तास होता. तो गणपती करण्यात गुंगला होता, मी पाठीमागून हाक मारली. मग जोरात मारली. मग रागाने मारली. शेजारच्या मुलीने त्याच्या खांद्यावर मातीचा हात ठेवला, तेव्हा तो वळला आणि माझ्याकडे बघून इतका छान हसला, की माझा राग घशातच अडकला. त्याने खरंच काही ऐकलं नव्हतं. ससून रुग्णालयात तपासणी झाली. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं. दुखत नसल्यामुळे त्याने कधी तक्रार केली नव्हती. बादलीत डोकं बुडवून बाहेरचं बोलणं ऐकावं तसं ते पोर माझ्या गोष्टी ऐकत होतं. स, श सारखी बारीक, हवेची अक्षरं त्यात आधी हरवतात. जे ऐकूच येत नाही ते तोंडातून कुठून येणार?

उपचारांनंतर हळूहळू त्याच्या शब्दांना शेपटं फुटली. मी प्रगतिपत्रक मागून घेतलं आणि ती ओळ खोडली. शाईने लिहिली होती, त्यामुळे खोडलेली दिसतेच.

तर, बोलण्याची कुठलीही तक्रार असो, पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं याची तपासणी. शेजारीण काय म्हणते ते नंतर. बालवाडीच्या वयात ही तपासणी खेळासारखी असते. कानाला हेडफोन, हातात ठोकळे, ‘टूं’ ऐकू आलं की ठोकळा डब्यात टाकायचा. पडद्यामागचं पाणी बघायला टिम्पॅनोमेट्री करतात. कानात मऊ बोंडूक धरतात, काही सेकंदांत होतं, दुखत नाही. अगदी लहान किंवा सहकार्य न करणाऱ्या मुलासाठी झोपेत करायची बेरा नावाची तपासणी आहे. "जन्मल्यावर केली होती, नॉर्मल आली होती," असं सांगून ही टाळू नका. जन्माच्या वेळची तपासणी त्या वेळचं सांगते. हे पाणी सर्दीनंतर साठतं, आणि बालवाडीचं पहिलं वर्ष म्हणजे जुलै ते सप्टेंबर नुसती वाहती नाकं. बरेचदा तीनेक महिन्यांत ते आपोआप ओसरतं. राहिलं तर डॉक्टर पुढचं सांगतील. तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, सारखं "आँ?" करणं, या सगळ्या खुणा वहीत लिहा.

गार आणि दार

कान ठीक निघाले, थेरपिस्टनेही बघितलं, आणि घरी करायला काम दिलं. ते कसं करायचं हे मी शब्दांनी सांगण्यापेक्षा एक संध्याकाळ दाखवते. मुलाला ग ऐवजी द यायचा, आणि र चा ल व्हायचा. त्याला ‘गार पाणी’ हवं असलं की तो ‘दाल पाणी’ म्हणायचा आणि आजी डाळीचं पाणी आणून द्यायची. खरंच.

आईने दोन चित्रं काढली, एक दाराचं आणि एक माठाचं. माठ म्हणजे गार. पहिले पाच दिवस मुलाने काहीच म्हणायचं नव्हतं. आई तोंडावर पदर धरायची, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि म्हणायची "गार". त्याने माठावर शेंगदाणा ठेवायचा. "दार". दारावर शेंगदाणा. चुकला तर ओरडा नाही, फक्त पुन्हा. दहा शेंगदाणे झाले की खाऊन टाकायचे, खेळ खलास. पहिल्या दिवशी त्याचे निम्मे शेंगदाणे चुकीच्या चित्रावर पडले. म्हणजे त्याच्या कानालाच हा फरक अजून नीट लागलेला नव्हता. त्याला रोज "ग म्हण, ग म्हण" करून काय उपयोग होणार होता?

सहाव्या दिवशी खेळ उलटा. आता तो ताई आणि आई विद्यार्थी. तो म्हणाला "दाल", मनात माठ होता. आईने सरळ दाराचं चित्र उचललं. तो म्हणाला, "नाही! दाल!" आईने पुन्हा दारच उचललं आणि अगदी भोळा चेहरा करून बसली. तो थांबला. माठाकडे बघितलं. मग मान मागे टाकून, घशातून, गुळणी करताना येतो तसा आवाज काढत म्हणाला, "ग्गगाल." आईने माठ उचलला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगत नाही, तुमच्या घरी बघा. गुळणीची ही युक्ती थेरपिस्टने शिकवली होती. क आणि ग हे जिभेच्या मागच्या भागाचे आवाज आहेत, उताणं झोपलं की जीभ आपोआप मागे जाते आणि ते सोपे पडतात. पण कोणत्या मुलाला कोणती युक्ती, हे त्यांनीच ठरवायचं.

रोज दहा मिनिटं पुरे. त्याहून जास्त करणारी आई मी बघितली आहे, तिचं मूल तोंड उघडायचंच बंद झालं. उरलेल्या दिवसभरात एकच सवय लावून घ्या. मूल "ताती हलवली" म्हणालं की "कात्री असं म्हण" म्हणायचं नाही. म्हणायचं, "अरे बापरे, कात्री हरवली? चल, कात्री शोधू या." बरोबर शब्द त्याच्या कानावर दोनदा पडला, त्याचा अपमान झाला नाही आणि कात्रीही सापडली. लाडाने त्याच्यासारखं बोबडं बोलू मात्र नका. काऊ, माऊ, भूभू हे लाडाचे शब्द वेगळे, ते खुशाल वापरा. "आमच्या लाजाला लस पाहिजे का ले?" हे बंद करा. हा नियम आजोबांना सांगायला दोन आठवडे लागतात, असा माझा अनुभव आहे.

शब्द अडकतो तेव्हा

अडखळणं ही वेगळी जात आहे, आणि इथे आपण जे उत्स्फूर्तपणे करतो ते जवळजवळ सगळं चुकतं. माझा धाकटा भाऊ लहानपणी अडखळायचा. वडील शिस्तीचे. "थांब. श्वास घे. आता पहिल्यापासून नीट बोल." पाहुण्यांसमोर उभं करून ते त्याच्याकडून वाक्य पुन्हा म्हणून घ्यायचे. प्रेमानेच. आज तो साठीला आला आहे, आणि दुकानात बिलावर नाव सांगायची वेळ आली की खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून पुढे करतो.

दोन ते पाच या वयात खूप मुलं अडखळतात. विचार धावतात, जीभ मागे राहते. "मी ना, मी ना, आज ना, आज" हे नेहमीचं, त्याची काळजी नको. "म म म मला", "मऽऽऽला", किंवा ओठ मिटून शब्दच बाहेर न येणं, त्यात डोळे घट्ट मिटणं, पाय आपटणं, हे तोतरेपण. तेही दर चारातल्या साधारण तिघांचं पुढे जातं. पण सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घराण्यात कुणी मोठेपणी अडखळणारं असेल, किंवा मूल स्वतःच "मला बोलता येत नाही" म्हणून गप्प बसू लागलं, तर वाट बघायची नाही. मुलग्यांमध्ये ते टिकण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त असते.

घरी काय करायचं? त्याला सावकाश बोलायला सांगायचं नाही, आपण सावकाश बोलायचं. त्याचं वाक्य संपल्यावर एक-दोन सेकंद गप्प राहून मग उत्तर द्यायचं. डोळ्यांत बघायचं, ओठांकडे नाही. वाक्य पुरं करून द्यायचं नाही, शब्द माहीत असला तरी. एका मागोमाग प्रश्न नकोत. "शाळेत काय केलं? डबा संपवला का? कुणाशी खेळलास?" ही आपली दारातली उलटतपासणी त्याच्यासाठी फाशीची शिक्षा असते. आणि मुलाने विचारलंच, तर खोटं बोलू नका. "हो रे, कधीकधी शब्द अडकतो. अडकू दे. मी ऐकते आहे."

घरी पोपट, शाळेत मूक

अशी एक तरी दर दोन-तीन वर्षांनी यायची. आईच्या मोबाइलवर तिचं नाच, गाणं, भांडण सगळं रेकॉर्ड, आणि वर्गात जूनपासून दिवाळीपर्यंत एक अक्षर नाही. पहिला महिना सोडून द्या, तो सगळ्यांचाच रडण्याचा असतो. त्यानंतरही टिकलं तर ते लाजणं नाही आणि आगाऊपणा तर नाहीच. मनात भीतीने कुलूप लागलेलं असतं. बक्षिसाचं आमिष, "हिला तोंडच नाही" असा शेरा, सगळ्यांसमोर "बोल, मग चॉकलेट देते", यांनी कुलूप आणखी घट्ट होतं.

एका मुलीच्या बाबतीत आम्ही असं केलं. शाळा भरायच्या अर्धा तास आधी तिची आई तिला घेऊन रिकाम्या वर्गात येऊन बसायची. दोघी भातुकली खेळायच्या. मी बाहेर व्हरांड्यात. मग दारात. मग वर्गातच, पण त्यांच्याकडे पाठ करून कपाट लावत. तिला काहीही विचारत नव्हते. मी कपाटाशी पुटपुटले, "रंगखडू कुठे ठेवले कोण जाणे." पाठीमागून उत्तर आलं, "वरच्या खणात." मी मागे वळून बघितलं नाही. फार मुश्किलीने नाही बघितलं. हे सगळं मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने चाललं होतं, तुम्हीही तसंच करा.

ज्यावर पैसे आणि वेळ घालवू नये

वेखंड उगाळून जिभेला चोळणं. पोपटाने उष्टावलेला पेरू. माझ्या सासूबाईंनी तो मंडईतून शोधून आणला होता आणि माझ्या मुलाने खाल्लाही, गोड होता. पेरूला माझी हरकत नाही, मात्र तो खाऊ घालून सहा महिने थांबण्याला आहे. एक वर्षाखालच्या बाळाला जिभेवर मध तर चाटवूच नका, ते धोक्याचं आहे.

शिट्टी वाजवणं, मेणबत्ती फुंकणं, स्ट्रॉने कापूस उडवणं यांनी जिभेला व्यायाम होईल, पण त्यातून क येत नाही. क म्हणायचा सराव क म्हणूनच होतो. आणि ‘जीभ खाली चिकटली आहे, कापून घ्या’ हे ऐकलं की आधी थेरपिस्टचं मत घ्या. जिभेखालची शीर आखूड असलेली किती तरी मुलं स्वच्छ बोलतात.

मोबाइलबद्दल सगळ्यांना माहीत आहे, कुणी ऐकत नाही, म्हणून एकच वाक्य: मोबाइल बोलतो पण उत्तराची वाट बघत नाही. त्यापेक्षा रविवारी पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवा आणि ‘फुललानी’वर अर्धा तास गप्पा मारा.

इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून घरी मराठी बंद करायला सांगणारे लोक अजूनही भेटतात. दोन भाषा ऐकल्याने बोलण्यात दोष येत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. मराठी बंद केली की मुलाची इंग्रजी सुधारत नाही, आजीशी बोलणं तेवढं थांबतं. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, गोष्ट सांगता येते आणि कौतुक करता येतं, ती भाषा मुलाशी बोला.

ताईंशी बोलताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात भेटू नका, ताईंना तेव्हा चपला कुणाच्या हेही आठवत नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मागा आणि नेमकं सांगा. "याला बोलायचा प्रॉब्लेम आहे" एवढ्याने काही कळत नाही. "क, ग येत नाहीत. कळलं नाही तर ‘दाखव बरं’ म्हणा, तो हात धरून नेतो. ‘शू’ला तो ‘सू’ म्हणतो." हे शेवटचं विसरू नका. पहिल्या महिन्यातले ओले कपडे निम्मे न कळलेल्या शब्दामुळे असतात.

तीन गोष्टी मागून घ्या. हजेरीला बोलणं जमत नसेल तर हात वर केला तरी चालावा. प्रश्न विचारताना पर्याय द्यावा, "लाल हवा की निळा?", म्हणजे एका शब्दात सुटका होते. आणि कुणी नक्कल केली तर त्याच वेळी, शांतपणे थांबवावी. स्नेहसंमेलनात बोलायचं काम द्यायचं की नाही, हे मुलालाच विचारा. माझ्या वर्गातल्या एका तोतऱ्या मुलाने सूत्रधार व्हायचं म्हटलं होतं. झाला. दोनदा अडकला, दोन्ही वेळा सगळं सभागृह थांबलं. मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला तेवढाच.

कुणाकडे जायचं

अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि बोलण्याची तक्रार स्वतः तोंडाने सांगा. गर्दीत डॉक्टर वजन-उंची बघून पुढे जाऊ शकतात. त्यांची चिठ्ठी घेऊन पुढे जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे औंधला, चौकशी करता येते. स्टेशनजवळ ससूनला कान-नाक-घसा विभाग आहेच. धनकवडीला भारती विद्यापीठाचं वाचा आणि श्रवण शिकवणारं महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार शिकतात, त्यामुळे तिथे खर्चाची चौकशी जरूर करावी. मुंबईला वांद्र्यात केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामात आहे.

खासगीत जाणार असाल तर पाटी किती चकचकीत आहे ते बघू नका. भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. १९९२ च्या कायद्याप्रमाणे या कामाला तो लागतो. विचारायला संकोच वाटतो, पण चांगला थेरपिस्ट रागावत नाही. दुसरी गोष्ट, तुम्हाला आत बसू देतात का ते बघा. आठवड्यातून पाऊण तास तो थेरपिस्टकडे असेल, बाकीचा आठवडा तुमच्याकडे. आत काय चाललं ते तुम्ही बघितलंच नाही तर घरी शेंगदाणे कशावर ठेवणार?

वेळ सकाळची मागा, दुपारच्या झोपेच्या तोंडावरची नको. वही न्या. मोबाइलवर घरात खेळताना केलेलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग न्या, कारण तिथे गेल्यावर मूल हमखास गप्प बसतं. रिक्षात "आता तिथे नीट बोल हं" असं बजावू नका. त्याची आवडती गाडी बरोबर घ्या, खाऊचा डबा घ्या, आणि सर्दी असेल तर तेही आधी फोन करून सांगा, कानाच्या तपासणीची तारीख बदलावी लागते.